आधी खीळ, मग सोड

हा माणूस एक ना एक दिवस आपल्या सख्ख्या भावाचा जीव घेणार, याबद्दल आमच्या बाजाररस्त्यावर दुमत नव्हतं. वाद होता तो फक्त कशानं घेणार यावर. चष्मेवाले काका म्हणायचे, पान्यानं. चपलांचा दुकानदार म्हणायचा, छे, नुसत्या हातानं. मी काहीच म्हणत नसे, कारण तो पाना माझ्याच दुकानातून गेलेला होता.

माझं दुकान हार्डवेअरचं. नट, बोल्ट, खिळे, कड्या, कुलपं. वडिलांनी ठेवलं, मी चालवलं, नवऱ्याची गरज पडली नाही. रस्ता मला खिळेवाली म्हणतो. मालावरून म्हणतो की जिभेवरून, ते मी कधी विचारलं नाही. माझ्या बरोबर समोर दोघा भावांचं शटरदुरुस्तीचं दुकान होतं. त्यातला थोरला म्हणजे नाकावर राग घेऊनच जन्माला आलेला माणूस. पाठीमागे आम्ही त्याला स्प्रिंग म्हणायचो, तोंडावर म्हणायची कुणाची छाती नव्हती. एकदा पालिकेच्या एका माणसानं त्याच्या शिडीला लाथ मारली आणि "ही रस्त्यातून उचल" म्हणाला. थोरल्यानं शिडी उचलली, त्या माणसालाही उचललं आणि दोघांना एकाच भिंतीवर आपटलं. माणसाचे पुढचे दात पडले. शिडीला काही झालं नाही.

पण काम करताना त्याला बघावं. शटर ओढायला फार जोर लागत नाही, ते वरच्या दांड्यावर स्प्रिंग असते म्हणून. ती ताणून बसवावी लागते. एकजण दांड्याला हातभर लांब पाना लावतो, जीव खाऊन फिरवतो आणि धरून ठेवतो. दुसरा त्याला खेटूनच उभा राहतो आणि दांड्याच्या भोकात लोखंडाची खीळ घालतो. खीळ बसली की दांडा जागचा हलत नाही. पण खीळ बसायच्या आधी पाना सुटला, तर तो गरकन उलटा फिरतो आणि त्याच्या वाटेत नेमकं खीळ घालणाऱ्याचं डोकं असतं.

म्हणून त्यांच्या बापानं नियम घालून दिला होता: आधी खीळ, मग सोड. 'सोड' हा शब्द खीळ घालणाऱ्यानंच उच्चारायचा. तो ऐकल्याशिवाय, अंगावर छत कोसळलं तरी, धरणाऱ्यानं हात काढायचा नाही. आणि ऐकला की विचार करत बसायचं नाही, कारण विचार करणारा हात थरथरतो. बापाचा स्वतःचा जबडा वाकडा होता. तो खीळ घालत असताना रस्त्यावरून जाणारा कुणी आपल्या कुत्र्यावर ओरडला, "सोड ते हाडूक!" आणि वर धरणाऱ्यानं सोडलं. तेव्हापासून त्यांच्या घरात कामाखेरीज तो शब्द बंद. शाळा 'सोडली' म्हणायचं नाही, 'टाकली' म्हणायचं. राग सोड नाही, राग जाऊ दे. गाठ सुद्धा सोडायची नाही, उकलायची. आम्ही हसायचो.

थोरला धरायचा, धाकटा खीळ घालायचा. धाकटा म्हणायचा, "दादा, सोड," आणि थोरल्याची बोटं त्याच क्षणी उघडायची. पान्याशेजारी डोकं ठेवून तो मुलगा गाणी गुणगुणायचा, इतका त्याचा त्या हातांवर विश्वास होता. मला तेव्हा दोघांचा हेवा वाटायचा. माझ्या भावानं मला साधी शिडी कधी धरली नाही.

मग आमच्या रस्त्याला विकास झाला, म्हणजे रोग होतो तसा. आमच्या भागाचा नगरसेवक प्रत्येक भाषणात म्हणायचा, "या शहराचा चेहरा बदलायचाय मला." म्हणून त्याचं नाव पडलं चेहरेसाहेब. त्याचा स्वतःचा चेहरा मात्र सगळ्या खांबांवर होता तसाच राहिला. बेत असा होता की अख्खा बाजाररस्ता पाडायचा, तिथं कारंजं असलेला मोठा चौक करायचा, त्याच्या कडेनं काचेची इमारत बांधायची आणि आम्हाला त्या इमारतीच्या तळघरात ढकलायचं. वर दिव्यांची रोषणाई आणि खाली आम्ही, उंदरांसारखे.

धाकटा चेहरेसाहेबांकडे जायला लागला. आधी सभेत खुर्च्या लावायला, मग माणसं गोळा करायला, मग आम्हाला समजवायला. एके सकाळी त्यानं समोरच्या दुकानात, पाना हातात असताना, थोरल्याला सांगितलं.

"दादा, मी काम टाकतोय. जन्मभर काय दुसऱ्यांची शटरं वरखाली करायची? साहेब मला नव्या इमारतीचं सगळं काम देणार आहेत."

"साहेब तुला कोपराला गूळ लावतोय," थोरला म्हणाला. "चाटत बस."

"तू निदान ऐकून तरी..."

पुढचं वाक्य आलं नाही, कारण थोरल्याची मूठ आली. नाकाचं हाड मोडल्याचा आवाज मला रस्त्याच्या या बाजूला ऐकू आला. धाकटा उठला आणि त्यानं थोरल्याच्या पोटात डोकं घातलं. दोघे शिडीवर पडले, शिडी खणांवर पडली, खणातले बोल्ट गडगडत रस्त्यावर आले. चष्मेवाले काका मध्ये पडायला गेले आणि कोपर खाऊन परत आले. शेवटी थोरल्याची बायको बादलीभर पाणी घेऊन आली आणि तिनं ते दोघांच्या अंगावर ओतलं, भांडणाऱ्या कुत्र्यांवर ओततात तसं.

तिला सगळा रस्ता वहिनी म्हणायचा. ती लग्न होऊन आली तेव्हा धाकटा दुधाच्या दातांचा होता आणि आई नव्हती. त्याला न्हाऊमाखू घालणं, अभ्यासासाठी त्याच्या मागे लागणं, थोरल्याच्या मारापासून वाचवणं, सगळं तिनंच केलं. त्या दिवशीही ओल्या साडीच्या पदरानं तिनं आधी धाकट्याचं नाक पुसलं आणि मग नवऱ्याकडे वळून म्हणाली, "लाज नाही वाटत?" थोरला खाली वाकून सांडलेले बोल्ट गोळा करायला लागला. या माणसाला जगात कुणी असं विचारू शकत असेल तर तीच.

चष्मेवाले काका मला म्हणाले, "होईल ठीक. काठी मारल्यानं पाणी तुटत नाही."

हे थोरल्यानं ऐकलं. "माझ्याकडे काठी नाही, काका," तो म्हणाला. "पाना आहे."

धाकटा गेल्यावर खीळ घालायला वहिनी उभी राहिली. पदर खोचून स्टुलावर चढायची, दातांत खीळ धरायची, बसवायची. पण नवऱ्याला अरेतुरे कशी करणार? ती म्हणायची, "सोडा!" मग काय, रस्त्याला निमित्तच मिळालं. ती ओरडली की पलीकडून चपलांवाला हाक द्यायचा, "आम्हाला पण एक सोडा, थंडगार!" वहिनी स्टुलावरूनच त्याचा उद्धार करायची. थोरला चक्क हसायचा. त्या काळात तो हसलेला मी तेवढाच पाहिला.

बाकी हसण्यासारखं काही उरलं नव्हतं. आधी चष्म्यांच्या दुकानाची काच फुटली. तक्रार करायला गेलेल्या काकांची बोटं कुणीतरी दाराच्या फटीत धरून दार लोटलं. त्यानंतर त्यांना चष्म्याचा बारीक स्क्रू धरता येईना. पालिकेच्या सभागृहात सुनावणी ठेवली, तिथं पहिल्या दहा मिनिटांत खुर्च्या उडाल्या. एका खुर्चीचा पाय चपलांवाल्याच्या कपाळात घुसला. मी माझ्याजवळची नटांची पिशवी फेकली आणि ती एका गुंडाच्या कानशिलावर अशी बसली की तो खालीच बसला. मला त्याचं अजून समाधान आहे. आमची बाजू सज्जनांची होती असं मी म्हणणार नाही. आम्ही त्यांची एक गाडी जाळली आणि तिच्यात माणूस नव्हता, हे आम्हाला नंतर कळलं.

प्रत्येक मारामारीत धाकटा पलीकडच्या बाजूला दिसायचा, वाकड्या नाकाचा. आणि प्रत्येक वेळी थोरला गर्दी कापत त्याच्याकडेच जायचा. "त्याला कुणी हात लावायचा नाही," तो आम्हाला सांगून ठेवायचा, "तो माझा आहे." हे प्रेमानं म्हणतो की वैरानं, ते मला कळायचं नाही. बहुधा त्यालाही कळत नसावं.

पाडायला ते भर दुपारी आले. पुढे बुलडोझर, मागे पहारी घेतलेली माणसं, त्यांच्या मागे पोलीस. आमचं ठरलेलं होतं: सगळ्यांनी दुकानांत शिरायचं, शटरं खाली ओढायची आणि आतून कुलपं लावायची. आत माणसं असताना पाडतील कसे? माझं दुकान कोपऱ्यावरचं, म्हणून पहिला घाव माझ्यावर. त्यांनी हूक अडकवून शटर वर खेचलं. दांड्याची खीळ तुटून उडाली, स्प्रिंग निसटली आणि शटर छातीइतक्या उंचीवर तिरकं अडकलं. खाली येईना, वर जाईना. आत मी, चष्मेवाले काका, चपलांवाला आणि रस्त्यावरची आणखी पाच-सहा माणसं.

थोरला आणि वहिनी समोरून धावत आले आणि शटरखालून आत शिरले. "स्प्रिंग ताणली की शटर सरळ होईल, मग येईल खाली," तो म्हणाला. शिडी लावली, पाना लावला, भिंतीकडे तोंड करून सगळं अंग त्या पान्यावर टाकलं. मानेच्या शिरा दोरखंडासारख्या फुगल्या. वहिनी स्टुलावर चढली, खीळ हातात घेऊन, पान्याला खेटून.

तेवढ्यात शटरखालून पहारवाले आत घुसायला लागले. आमच्या माणसांनी पहिल्याच घुसणाऱ्याची कॉलर धरली आणि आत ओढला. तो धाकटा होता. कशाला सगळ्यांत पुढे आला होता कोण जाणे. नंतर तो म्हणाला की वहिनीला बाहेर काढायला आलो होतो. खरंही असेल. पण त्या वेळी कोण विचारतो? चपलांवाल्यानं सायकलची साखळी त्याच्या तोंडावर मारली. दुसऱ्यानं हातोड्याचा दांडा त्याच्या गुडघ्यावर घातला, आणि गुडघा ज्या बाजूला वळत नाही त्या बाजूला वळला. मोडक्या बोटांचे चष्मेवाले काका, ज्यांनी आयुष्यात माशी मारली नव्हती, ते त्याच्या बरगड्यांत लाथा घालत होते आणि रडत होते. तो ओरडत सुद्धा नव्हता, नुसता गुरगुरत होता, तोंडात रक्त भरलं होतं म्हणून.

वहिनीनं मान वळवली. बघितलं. आणि किंचाळली, "सोडा! सोडा त्याला!"

दुसरा 'सोडा' थोरल्यापर्यंत पोचलाच नाही. भिंतीकडे तोंड केलेल्या त्या माणसानं पहिला ऐकला, तिच्या आवाजात ऐकला, आणि त्याच्या बोटांनी आयुष्यभर जे केलं तेच केलं.

पाना फिरला. कानामागे लागला. आवाज मोठा नव्हता, नारळ फुटावा एवढाही नाही. वहिनी स्टुलावरून माझ्या खिळ्यांच्या खोक्यांवर पडली. खीळ तिच्या मुठीत तशीच होती. शटर धाडकन खाली आलं आणि आम्ही सगळे अंधारात राहिलो, आमची माणसं, त्यांचा माणूस आणि ती.  मग थोरल्याचा आवाज आला, अगदी बारीक. "बसली का खीळ?" तो विचारत होता. "अगं, बसली का?"

ती दवाखान्यात पोचायच्या आधीच गेली. मी तिचं डोकं मांडीवर धरलं होतं. अजूनही कधीतरी मांडी ओली वाटते.

चेहरेसाहेबांनी शोक व्यक्त केला. पालिकेच्या पायऱ्यांवर उभं राहून ते म्हणाले की आपल्या लाडक्या वहिनींच्या स्मरणार्थ नव्या चौकात एक बाक ठेवण्यात येईल. थोरला गर्दीतून शांतपणे चालत पुढे गेला. त्यानं साहेबांचा भाषण करणारा हात मनगटाशी धरला आणि पिरगाळला, घट्ट बसलेला नट उकलावा तसा, तो तुटेपर्यंत. पोलिसांनी काठ्या घालून त्याला खाली पाडलं. गाडीत कोंबताना त्यानं माझ्याकडे बघून सांगितलं, "खिळेवाली, धाकट्याला जाऊन सांग. बाहेर आलो की त्याला मारणार. माझ्या हातानं." मी निरोप दिला नाही. द्यायची गरजही नव्हती, अख्ख्या गावानं ऐकलं होतं.

थोरला आत होता तोवर चौक झाला. कारंजं उडायला लागलं, वाऱ्याच्या दिवशी आल्यागेल्याला भिजवायला लागलं. बाकही ठेवला. आम्ही तळघरात गेलो. धाकट्याला काही मिळालं नाही. लंगडा आणि वाकड्या तोंडाचा माणूस नव्या चौकात शोभत नाही. गरज सरो, वैद्य मरो. तो दिवसभर त्या बाकावर बसायचा. मी वरून जाताना त्याच्याकडे बघायची नाही. तोही हाक मारायचा नाही.

थोरला सुटून आला. काम सुरू केलं, पण एकट्यानं. त्याच्या पान्याशेजारी डोकं ठेवायला कोण येणार? तो खीळ दातांत धरायचा, एका हातानं पाना आवळायचा, दुसऱ्या हातानं चाचपडत बसवायचा. डाव्या हाताची दोन बोटं त्यात ठेचली गेली. माणसानं स्वतःला शिक्षा द्यायची ठरवली की कुणी अडवू शकत नाही.

तळघरातलं माझं शटर बिघडलं तेव्हा मी त्यालाच बोलावलं. तो आला, शिडी लावली, एकट्यानं झटायला लागला. नवीन शटर, स्प्रिंग जाड, पाना पुन्हा पुन्हा निसटत होता. तेवढ्यात जिन्यावर एक पाय ओढत उतरणारा आवाज आला. धाकटा. वरून त्यानं शिडी खाली जाताना पाहिली असणार.

थोरला शिडीवरून उतरला. त्यानं धाकट्याचा गळा धरला आणि त्याला माझ्या रंगांच्या डब्यांवर फेकला. मग वर ओढून भिंतीला लावला आणि मारलं. एकदा, दोनदा. धाकट्याचा ओठ फाटला. त्यानं हात वर केलेच नाहीत.

"मार," तो म्हणाला. "मार, दादा."

 माझी जीभ वेळकाळ कधी विचारत नाही. मी म्हणाले, "माझ्या दुकानात रक्त नको, माल गंजतो. आधी माझं शटर नीट करा. मग वर जाऊन एकमेकांचे मुडदे पाडा."

 थोरल्यानं गळ्यावरचा हात काढला. शिडीवर चढला. पाना लावला आणि फिरवायला लागला. धाकट्यानं जमिनीवर पडलेली खीळ उचलली, लंगडत स्टुलापाशी आला, चढला आणि डोकं पान्याशेजारी ठेवलं. जिथं तिचं होतं, तिथंच.

पाना पुरा ताणला गेला. थोरल्याचे दंड थरथरायला लागले. मी खालून बघत होते आणि मला दिसलं की धाकट्याचा खिळीचा हात वर गेलाच नव्हता. तो खाली लोंबत होता, खीळ मुठीत. भोक रिकामं होतं. त्यानं मान अजून पुढे केली, डोळे मिटले आणि पूर्वी म्हणायचा त्याच आवाजात म्हणाला,

"दादा, सोड."

 थोरल्याची बोटं मी पाहिली. ती उघडली. खरंच उघडली, सवयीनं, कुत्र्यानं मालकाची शीळ ओळखावी तशी. पाना अर्धा हात मागे सरकला आणि त्याचं टोक धाकट्याच्या केसांना लागलं. आणि मग त्या ठेचलेल्या बोटांनी तो पुन्हा पकडला. कसा पकडला देव जाणे. तळहाताची कातडी पान्याला चिकटून सोलली गेली. रक्त मनगटावरून कोपरापर्यंत आलं. आयुष्यात पहिल्यांदा त्यानं तो शब्द ऐकून सोडलं नव्हतं.

"खीळ," तो दात आवळून म्हणाला.

धाकटा हलला नाही.

"खीळ घाल, गाढवा!" थोरला ओरडला, आणि ओरडता ओरडताच त्याला रडू फुटलं, त्या एवढ्या धिप्पाड माणसाला, दोन्ही हात अडकलेले, डोळे पुसता येत नव्हते. "ती काय म्हणाली होती? ऐकलंस ना तू? त्याला सोडा म्हणाली होती! ती तुझ्यासाठी ओरडली, आणि तू मला पुन्हा तेच करायला लावतोस? घाल खीळ! हात तुटतायत माझे!"

धाकट्याचा हात वर गेला. खीळ भोकाच्या कडेवर दोनदा वाजली. तिसऱ्यांदा बसली. मी खाली उभ्या उभ्या नकळत मोठ्यानं म्हणाले, "बसली."

थोरल्यानं माझ्याकडे बघितलं सुद्धा नाही. तो पाना धरूनच उभा होता. खीळ बसली होती, त्याला दिसत होती, तरी तो धरून होता.

"बोल की," तो धाकट्याला म्हणाला.

धाकट्याच्या फाटक्या ओठांतून शब्द नीट निघत नव्हता. त्यानं एकदा प्रयत्न केला, दुसऱ्यांदा केला.

"सोड," तो म्हणाला.

थोरल्यानं सोडलं.